काट्याने न गेलेला डोळा

गिरीज गावच्या डायनाचा डावा डोळा काचेचा. ती रांगत होती तेव्हा लिंबाचा काटा लागून डोळा गेला, असं तिच्या आईने साऱ्या गावाला सांगितलं होतं. डायनालाही तेवढंच ठाऊक. निर्मळ गावच्या हिलरीशी लग्न ठरलं तेव्हा सासू मॅग्डलीन मोठ्या मनाने म्हणाली होती, "काट्याने गेलेला डोळा पोरांना थोडाच लागतो!"

पण लागला. नेल्सन वर्षाचा झाला आणि त्याच्या उजव्या बुबुळात मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसू लागली. मुंबईच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आत गाठ आहे, डोळा काढावाच लागेल. मग त्यांनी डायनाकडे निरखून पाहिलं आणि तिचंही रक्त तपासायला घेतलं.

"आपल्या सगळ्यांच्या अंगात आरबी-वन नावाचं जनुक असतं," त्यांनी नंतर समजावलं. "पेशी वाढत सुटल्या की त्यांना 'आता पुरे' म्हणणारं. तुमच्यात त्याची एक प्रत जन्मापासून बिघडलेली आहे. तुमचा डोळाही याच गाठीने गेला असणार."

डायनाने आईला फोन लावला. आई म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर तुला कुणी पत्करलं असतं?"

नेल्सनचा डोळा गेला, जीव राहिला. दुसरं मूल नको, असं डायनाने ठरवून टाकलं. तरी तो शाळेत जाऊ लागला त्या वर्षी तिला दिवस गेले. बाळात बिघाड उतरण्याची शक्यता निम्मी, आणि गर्भाभोवतीचं पाणी काढून ते आधी कळू शकतं. तिने तपासून घेतलं. बाळातही तोच बिघाड निघाला.

वाडीत केळीचा घड उतरवता उतरवता हिलरी म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, अजून वेळ आहे. आपण..."

"याला नको म्हणायचं, तर मीही नकोच होते. आणि नेल्सन?"

"मग ठेवूया."

"ठेवूया म्हणतोस! पुन्हा ते भूल देणं, पुन्हा ते टेबल. मला नाही झेपणार रे."

हेही नको, तेही नको. चर्चमध्ये बायका तिच्या पोटाकडे बघून कौतुकाने हसत आणि तिला तिथून पळून जावंसं वाटे. पण पळणार कुठे? जे छळत होतं ते तिच्याच रक्तात होतं. बाळ हललं की आनंदाआधी धास्ती येई. ती ना हो म्हणाली, ना नाही. दिवस पुढे सरकले आणि ठरवण्याची वेळच निघून गेली.

डॉक्टरबाईंनी थोडं आधीच बाळंतपण करवलं. गाठ दाण्याएवढी असतानाच गाठायची होती. मुलगी झाली, रीमा. पहिल्याच आठवड्यात एका डोळ्यात बारीक ठिपका सापडला. तो लेझरने जाळला. पुढे दुसऱ्या डोळ्यातही निघाला, तोही जाळला. दोन्ही डोळे वाचले. रीमा आता आजीच्या कानातलं नेमकं पकडते.

"सुटलीस गं बाई," मॅग्डलीन म्हणते.

पण नवा ठिपका कधीही येऊ शकतो, म्हणून दर महिन्याला तपासणी असते. त्या दिवशी भूल द्यायची म्हणून पहाटेपासून बाळाला पाजायचं नसतं. रीमा भुकेने टाहो फोडते. डायनाचा पान्हा फुटतो, पदर भिजतो, आणि ती लेकीला खांद्याशी घट्ट धरून दवाखान्याच्या बाकावर नाव पुकारण्याची वाट बघत बसते.