कपाटाआडचे प्रॉम्प्टरभाऊ

आमच्या निवृत्त कलावंतांच्या निवासात प्रॉम्प्टरभाऊ राहतात. चाळीस वर्षं त्यांनी विंगेत उभं राहून आम्हाला विसरलेली वाक्यं पुरवली. प्रेक्षकांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नाही. आवाज कुजबुजीच्या वर चढत नाही; जेवताना मीठसुद्धा शेजाऱ्याच्या कानात मागतात. आणि शिस्त अशी, की नटानं पदरचं वाक्य घातलं, की जागच्या जागी दुरुस्ती!

मागच्या महिन्यात आम्हाला देणगी देणाऱ्या फाउंडेशनच्या बाई पाहणीला आल्या. हल्ली देणगी देऊन कुणी विसरत नाही. तिचं काय झालं ते फोटोसकट दाखवावं लागतं. आमच्या नर्सचा पगार त्याच देणगीतून. बाईंचं समाधान झालं नाही तर नर्स बंद, आणि आमचे गुडघे, रक्तदाब, इन्सुलिन सगळं वाऱ्यावर.

बोलायचं काम माझ्याकडे आलं. भाऊ सवयीनं कपाटाआड उभे राहिले. समोर खुर्चीत प्रेक्षक दिसल्यावर मला कुठलं आवरतंय!

"ताई, नर्स रोज येते हो!" मी गहिवरलो.

कपाटामागून आलं, "सोमवार, बुधवार, शुक्रवार."

मी आवाज चढवला. "मी अंथरुणाला खिळलो होतो, तिनं मला उभं केलं!"

"गुडघा मुरगळला होता. डावा. चार दिवस."

"मेल्या, आज तरी गप्प बस!" आमची म्हातारी नायिका, जिला सगळे महाराणी म्हणतात, ती ओरडली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तिकडे कोण आहे? यांना पढवताय?"

भाऊ घामाघूम होऊन बाहेर आले. "पढवलेलं सोडून हे भलतंच बोलतायत, म्हणून..."

बाईंना ऐकू येईना. त्यांनी खुर्ची पुढे ओढून कान दिला.

"इतर दिवशी इन्सुलिन कोण देतं?"

"महाराणी स्वतःच टोचून घेते. हात थरथरतो तिचा."

"मग अर्जात रोजची नर्स का नाही मागितली?"

"कमी मागितलं तर नक्की मिळेल, असं वाटलं."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "रोजच्यासाठी नवा अर्ज करा. तुम्हीच लिहा." माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यांना हात लावू देऊ नका."

अर्ज मंजूर झाला. पहिल्याच मंगळवारी नर्स आली, तेव्हा महाराणीनं दंड पुढे केला आणि सुई टोचण्याआधीच अशी किंकाळी फोडली, की दारात जमलेल्या आम्हा सगळ्यांच्या टाळ्या पडल्या.