मोजेवाल्याच्या ओट्याखालचा कॅन

"बायकोसाठी रबरी मोजे हवेत," मोजेवाला म्हणाला.

"हाताचा नंबर काय?" दुकानदारीण बाईने विचारलं.

"नऊ."

"अहो, हा तुमचा. त्यांचा विचारतेय."

चौतीस वर्षांचा संसार झाला होता. बायकोच्या चपलेचं माप त्याला माहीत होतं, हाताचं नव्हतं. स्वतःचा नंबर मात्र झोपेतून उठवून विचारला असता तरी त्याने सांगितला असता.

"लहानच असेल," तो म्हणाला.

"असेल म्हणजे? मोठा झाला तर आत पाणी शिरतं, लहान झाला तर बोटं आखडतात. अंदाजपंचे नेऊन काय करणार?"

हे त्याला शिकवायची गरज नव्हती. अगदी हेच त्याने एकदा कारखान्यातल्या साहेबाला ऐकवलं होतं.

तो दुधाच्या कारखान्यात टाक्या धुवायचा. माणूस उभा राहील एवढ्या टाक्या. त्या कॉस्टिकने धुवायच्या. कॉस्टिक दिसायला पाण्यासारखं. कातडीवर पडलं की आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं, आग नंतर होते. सुरुवातीला चौघांत मिळून मोज्यांचा एक फाटका जोड होता. एक दिवस तो टाकीशेजारी खाली बसला आणि म्हणाला, "मोजे नाहीत तर हात नाहीत." साहेब ओरडला, मुकादमाने गोड बोलून पाहिलं, पण हा ढिम्म. मग बाकीचेही बसले. दोन दिवस टाक्या आंबल्या. तिसऱ्या दिवशी मोजे आले, ज्याच्या त्याच्या मापाचे, नंबर टाकलेले. तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर राहिलं. सगळा कारखाना त्याला मोजेवाला म्हणू लागला आणि त्यालाही ते आवडायचं.

त्याने सात नंबरचा एक जोड घेतला, स्वतःसाठी नऊचा. मग ब्रश पाहिले. पहिल्या ब्रशचे केस अंगठ्याने दाबले तर ते वाकून तसेच राहिले. तो परत ठेवला. दुसऱ्याचे उसळून सरळ झाले, तो घेतला. फरशी न ओरबाडणारी प्लास्टिकची पट्टी घेतली, ओलं पुसायला एक आणि कोरडं पुसायला एक अशी दोन सुती फडकी घेतली, पातळ साबण घेतला.

"आणि हे न्या की," बाईने एक रंगीत बाटली पुढे केली. "एकदा मारलं की तेलकट डाग गायब. घासायलाच नको."

त्याने बाटली उलटी करून मागचं बारीक छापलेलं वाचलं. मग ती हळूच परत ठेवली.

"नको. घासायला हात आहेत."

"हात आहेत म्हणे. कुणाचे?" बाई हसली.

तिने थट्टाच केली होती. मोजेवाल्याला ती घरापर्यंत टोचत राहिली.

घरी बायको ओट्याजवळ स्टुलावर बसली होती. दोन्ही हातांना सुती पट्ट्या गुंडाळलेल्या. ती शिंप्याकडून कपडे आणून काजं-बटणं करायची. तिचा टाका इतका बारीक की शिंपी नव्या कारागिरांना तो दाखवायचा. पण आता बोटांना भेगा पडल्या होत्या. दोरा भेगेत अडकायचा, कापडावर रक्ताचा ठिपका उमटायचा. गेले चार महिने सुई बंद होती. तीन मलमं झाली, गुण नाही. डॉक्टरीणबाई मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या, "स्वयंपाकघरात जे जे वापरता ते सगळं घेऊन या. त्यात काही सापडलं नाही, तर पोटातून गोळ्या सुरू करू. त्या जड असतात, वर्षभर घ्याव्या लागतील." काय काय वापरता, असंही त्यांनी तेव्हा विचारलं होतं. बायको म्हणाली होती, "साबण आणि भांड्यांची पावडर. दुसरं काय असणार?" मोजेवाला त्या वेळी भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत होता. वरच्या तीन ओळी त्याला अजून पाठ होत्या.

उद्या जायचं होतं. पिशवी दाराशी भरून तयार होती. साबण, पावडर, घासणी. त्याने येताच ती उघडून पाहिली. ओट्याखालचा कॅन तिच्यात नव्हता.

"आणला का बाजार?" बायको म्हणाली. "दाखवा तरी. अरे वा, मोजेसुद्धा! माझ्यासाठी?"

"हो."

"आता? हात गेल्यावर?" ती हसून म्हणाली, पण मोजेवाल्याला हसू आलं नाही. "काम तर तुम्ही करणार आहात. घाला तुम्हीच."

तो ओट्याखाली वाकला. तिची जुनी हत्यारं बाहेर काढली. टोक झिजलेली सुरी. दात पडलेला कंगवा. त्याचाच टाकून दिलेला दातांचा ब्रश, त्याच्याच फाटक्या बनियनचा तुकडा. त्याने ते सगळं ओळीने मांडलं. असली हत्यारं कारखान्यात कुणी हातात दिली असती, तर त्याने ती त्याच्या तोंडावर फेकली असती. बावीस वर्षं तिने यांच्यावर भागवलं होतं. यांच्यावर आणि मागे कोपऱ्यात उभ्या असलेल्या कॅनवर.

निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ घेऊन घरी जातात. त्याने पाच लिटरचा कॅन आणला होता. त्याआधी बाटल्या. डब्याच्या पिशवीत बाटली दडायची, फाटकावर कुणी पाहत नसे. पहिली बाटली आणली ती बायको शेगडीमागची भिंत तासभर घासत बसली होती म्हणून. "एवढा वेळ लागतो का?" असं तो म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी बाटली. "अर्ध्या बादलीत एक झाकण टाक," एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. कारखान्यातून मोजे आणता येत नव्हते, जुना जोड दाखवल्याशिवाय नवा मिळत नसे. तो नियम त्यानेच भांडून आणला होता. पण बाजारात मोजे मिळत नव्हते असं नाही. सुचलं नाही असंही नाही. एकदा दुकानासमोर पाय थांबलेही होते. घरच्या कामाला कशाला मोजे, असं मनात आलं आणि तो पुढे गेला. आणि सुट्टीच्या दिवशी शेगडीमागच्या भिंतीवरच्या फरशीवर बोट फिरवायचा. बोट काळं झालं की ते तिच्या डोळ्यांपुढे धरायचा. काही बोलायचा नाही.

त्याने नऊ नंबरचे मोजे चढवले आणि कामाला लागला. कोमट पाण्यात साबण, फडकं भिजवून फरशीवर चिकटवून ठेवलं, दहा मिनिटं थांबला. मग पट्टी तिरपी धरून थर उचलला, ब्रश मारला, ओलं फडकं, कोरडं फडकं. एक फरशी. भिंतीला चोवीस फरश्या होत्या. सातव्या फरशीला खांदा भरून आला. अकराव्याला तो खाली बसला.

"दमलात?" बायको म्हणाली. "मुकादम असता तर म्हणाला असता, एवढा वेळ लागतो का?"

त्याने मान वर केली. ती भिंतीकडे बघत होती.

"कोपरा राहिलाय वरचा. माझ्या बोटांना पट्ट्या आहेत, नाहीतर फिरवून दाखवलं असतं."

"अगं," तो म्हणाला. मोजे काढले. ते नीट एकावर एक ठेवले. परत उचलले. "त्या कॅनमध्ये काय आहे, ठाऊक आहे तुला?"

"कारखान्याचं पाणी."

"ते पाणी नाही. ज्याच्यासाठी मी दोन दिवस खाली बसलो होतो ना, ते आहे ते. त्यानेच झालंय तुझ्या हातांचं. मला ठाऊक होतं."

नळाचा थेंब पडत होता, तो तिने कोपराने दांडी दाबून बंद केला.

"मलाही होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही बाटली कशी उघडायचात? फडक्यात धरून, तोंड बाजूला करून. मला काय डोळे नव्हते? मोज्यांची गोष्ट तर आल्यागेल्याला शंभरदा सांगितलीत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"मग वापरलंस कशाला?"

"त्याशिवाय तुमचं बोट पांढरं राहत नव्हतं."

त्याला वाटलं ती आता रडेल, चिडेल, निदान भांडं आपटेल. तिने यातलं काहीच केलं नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"ते मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. डॉक्टरीणबाईंना माहीत नाही."

"मग पिशवीत का नाही टाकलास?"

"आणलाय कसा तो, ते सांगावं लागलं असतं. चौतीस वर्षं मोजेवाला म्हणून मिरवलात. म्हटलं, तुमचा कॅन आहे, टाकायचा की नाही ते तुम्ही बघा."

उरलेल्या तेरा फरश्या त्याने त्याच दिवशी घासल्या. वरचा कोपराही. बोट फिरवून पाहिलं नाही.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पिशवीतल्या वस्तू एकेक करून टेबलावर मांडल्या. साबण हुंगला, पावडरीचं पाकीट वाचलं. शेवटी तळाशी कॅन लागला. "यावर काही लिहिलेलं नाही. हे काय?" म्हणत त्यांनी झाकणाला हात घातला.

"थांबा!" मोजेवाला खुर्चीतून अर्धा उठला. "आधी मोजे घाला, बाई. उघड्या हाताने नको."

डॉक्टरीणबाईंचा हात जागच्या जागी थांबला. बायको मांडीवरच्या पट्ट्यांकडे पाहत होती.

"यांना लगेच सांगितलंत हो," ती हळूच म्हणाली.

मोजेवाला उभाच राहिला.

"कॉस्टिक आहे," तो म्हणाला. "मी कारखान्यातून आणलं. न विचारता."

"आणि घरात कोण वापरतं?"

"ही. बावीस वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचा कागद बाजूला सारला आणि नवा कागद ओढला. "मोजे घालून?"

मोजेवाल्याने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं नाही. बायकोकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "मी दिले नाहीत."