भाताची सुट्टी देणारा देश

मालतीताई, गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरत जा, उगाच शूरपणा नको. देवरुखचे बापू, डोळ्याचं ऑपरेशन झालं ना? मग हे स्वतः वाचताय की सूनबाई वाचून दाखवतेय? आणि पुण्याचे कदम, तुमचं ब्लडप्रेशर? आज जरा बेतानं वाचा, कारण माझंच चढलेलं आहे.

सौदीला जाऊन आलो. माझा मुलगा निखिल तिकडे राबिघच्या रिफायनरीत इंजिनिअर आहे, सून अश्विनी तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर. दोघं किती वर्षं बोलावत होते आणि मी किती वर्षं टाळत होतो. पण या थंडीत नातीचा फोन आला. रेवा नववीत आहे, इंग्लिश मीडियम, मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही भात लावलाय ना? रिअल शेतात? मग या ना. मला प्रोजेक्टसाठी माणूस हवाय."

मला आजवर कुणी प्रोजेक्टसाठी बोलावलं नव्हतं. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी, त्यानंतरचं सगळं वाचन दुकानात गिऱ्हाईक नसताना केलेलं. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट शोधायला लागलो.

निखिलच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या तिथल्या रहिवासाच्या कार्डावर, आईवडिलांना भेटीचा व्हिसा मिळतो. विमान जेद्दाहला उतरतं. तिथून राबिघ गाडीनं दोनेक तास. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळू आणि रस्ता इतका सरळ की निखिलला पेंग येऊ नये म्हणून मी सारखा बडबडत राहिलो. जाणाऱ्यांनी स्वेटर न्यावा. वाळवंट म्हणजे उकाडा, हे डोक्यातून काढून टाका.

आता प्रोजेक्ट. रेवाच्या शाळेत फ्रेंच हा विषय आहे. बाईंनी सांगितलं होतं की उत्तर अमेरिकेत एक देश कल्पनेनं रचा. तिथले मूळ लोक आणि बाहेरून आलेले फ्रेंच लोक, कुणी कुणाला हाकललं नाही, दोघांनी मिळून देश उभा केला. त्या देशाची शाळा कशी असेल? मी म्हटलं, वा! असा प्रश्न आम्हाला विचारला असता तर मी शाळा सोडली नसती.

पण प्रोजेक्टमधली तिची जोडीदारीण मेहक, तिनं केलेला आराखडा बघितला आणि माझं डोकंच फिरलं. गणित फ्रेंच, विज्ञान फ्रेंच, इतिहास फ्रेंच. मूळ लोकांना काय? वर्षातून एक दिवस. पिसं लावून नाच आणि त्यांच्या खाण्याचा स्टॉल!

"हे मिळून झालं?" मी विचारलं. "एकानं घर बांधायचं आणि दुसऱ्यानं दारात तोरण लावायचं?"

"आजोबा, एक्झॅक्टली!" रेवा म्हणाली. "मी पण तेच सांगतेय, कोणी ऐकत नाही."

तिनं वाचून काढलं होतं की तिकडच्या काही मूळ लोकांचा भात तळ्यात आपोआप उगवतो. होडीत बसून काठ्यांनी झोडपून तो काढतात आणि काही दाणे मुद्दाम पाण्यात पडू देतात, पुढच्या वर्षासाठी. तो पिकतो उन्हाळा संपता संपता, नेमका फ्रेंचांची शाळा उघडते तेव्हा. मग मुलांनी जायचं कुठे, तळ्यावर की वर्गात? पोर इथे अडली होती आणि म्हणून मला बोलावलं होतं. आमच्या गावचे गुरुजी लावणीला शाळा बंद ठेवत आणि स्वतः धोतर खोचून चिखलात उतरत. पाढे बांधावर. चुकला की रोपांची जुडी पाठीत बसायची.

गुरुवारी दुपारी आम्ही अल उलाला, तिथलं जुनं मातीचं गाव बघायला, निघालो. तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणजे निखिल मोकळा. अश्विनीची ड्यूटी होती, तिनं थालीपिठं बांधून दिली. आधी किनाऱ्यावरचं यांबू, तिथे मुक्काम आणि सकाळी फूल-तमीस. फूल म्हणजे रटरट शिजवलेली बाकळ्याच्या वालासारख्या दाण्यांची उसळ, तमीस म्हणजे ताटाएवढी खरपूस रोटी. दोघांत एक मागवा, तरी उरते. पुढे आत वळलं की पेट्रोल पंप लांब लांब आहेत, टाकी भरून घ्या आणि उंटांच्या पाट्या मनावर घ्या. अल उलात हॉटेलं महाग, खोलीचा भाव ऐकून मी दोनदा विचारलं. आधी बुकिंग करा. जवळच्या हेग्राच्या दगडात कोरलेल्या थडग्यांची तिकिटंसुद्धा ऑनलाइन आधीच काढावी लागतात.

गाडीत भांडण झालं. निखिल म्हणाला, "रेवा, मेहकचं ठेव ना. परीक्षकांना नाच आवडतो. तुझ्या होड्या आणि सुट्ट्यांनी मार्क जातील."

"पप्पा, बट इट्स नॉट फेअर."

"फेअरचं कॉलेजला गेल्यावर बघू."

मी मागून म्हटलं, "निखिल, तुमच्या प्लांटचा शटडाऊन असतो तेव्हा काय करता रे?"

"काय करणार? सगळ्यांच्या रजा हलवतो."

"म्हणजे यंत्राला विसावा द्यायला शेकडो माणसांचं वेळापत्रक हलतं आणि पिकलेल्या भातासाठी पोरांची शाळा हलू नये?"

"बाबा, तुम्ही ना..." एवढंच म्हणून त्यानं एसी वाढवला. मी स्वेटर चढवला.

अल उलाच्या जुन्या गावात आम्हाला वाट दाखवायला नूरा नावाची तिथलीच मुलगी होती. मातीच्या घरांची गल्ली, एकमेकांना टेकलेल्या भिंती. नूरा फ्रान्सला शिकून आलेली आहे असं कळल्यावर रेवानं हळूच एक फ्रेंच वाक्य टाकलं. नूराचा चेहरा फुलला आणि दोघी अशा सुटल्या की निखिल आणि मी मागे पिशव्या धरून. पुढचं मला रेवानं समजावलं.

गावात एक तंतोरा आहे, मातीचा निमुळता बुरूज. त्याची सावली थंडीत एका ठरलेल्या दगडावर टेकली की पेरणीला लागायचं. उन्हाळा आला की अख्खं गाव घरं बंद करून खजुराच्या बागांत राहायला जायचं.

"मग शाळा?" रेवानं विचारलं.

"माझी आजी सांगायची, शिकवणारेही बागेतच यायचे," नूरा म्हणाली. "झाडाखाली धडे."

"आणि फ्रान्समध्ये?"

"तिथे सप्टेंबर म्हणजे सप्टेंबर!"

रेवा त्या बुरुजासमोर उभीच राहिली. मग मला म्हणाली, तेही मराठीत, "आजोबा, माझ्या देशात शाळेच्या दारात असा दगड ठेवायचा. सावली तिथे आली की सगळे तळ्यावर. फ्रेंचच्या बाईसुद्धा होडीत. परत आल्यावर वर्ग."

फोटो निखिलनंच काढले, बुरुजाचे, चारही बाजूंनी.

परत आल्यावर रेवानं मेहकला पटवलं. कसं, विचारू नका. "यार, एक बार सुन तो ले," एवढं मी ऐकलं. दोघींनी पुठ्ठ्याची शाळा केली, दारात दगड, तळ्यात होड्या. भात मी खऱ्या तांदळाचा चिकटवला. शाळेतल्या प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो, अश्विनीनं ड्यूटी बदलून घेतली.

पहिला नंबर पिसांना! दुसऱ्याच एका जोडीचा देश, तोच नाच, तोच स्टॉल. आणि आमच्या होड्यांवर बाईंचा शेरा: सुंदर, पण अवास्तव.

मंडळी, मला सांगा. कल्पनेतला देश मागायचा आणि तो वास्तवात नाही म्हणून मार्क कापायचे? दोन घरचे लोक एका ताटात जेवतील असं म्हणायचं आणि ताट कधी वाढायचं ते एकानंच ठरवायचं? मी तिथेच बाईंना म्हणालो, "बाई, मी शिकलोय अशा शाळेत." हिंदीतच म्हणालो, आवाज चढला असेल. निखिलनं कोपर धरलं.

बाई वाईट नाहीत. त्यांनी रेवाला सांगितलं, "खऱ्या शाळांची उदाहरणं आण. सत्र संपायच्या आत आणलीस तर मी पुन्हा तपासते. पण एकटे आजोबा चालणार नाहीत हं."

एकटे आजोबा चालणार नाहीत!

परत येताना विमानतळावर निखिलनं बॅग उतरवली आणि मध्येच म्हणाला, "बाबा, माझ्या वेळी ती लावणीची सुट्टी नव्हती ना?"

"बंद झाली होती. नवे हेडमास्तर आले होते."

"म्हणून मला लावता येत नाही."

"म्हणून," मी म्हटलं.

आता घरी बसून हे लिहितोय. खजूर वाटून संपले, स्वेटर पेटीत गेला. राग मात्र जसाच्या तसा आहे आणि तो मला असा फुकट घालवायचा नाही. तुमच्या गावी शाळेला पिकाची सुट्टी होती का? लावणीची, काढणीची, मासळीची, गुऱ्हाळाची, कसलीही. गावाचं नाव, गुरुजी त्या दिवसांत काय करत, आणि सुट्टी कुणी, कशी बंद केली, ते लिहा. मालतीताई, तुमच्या घाटावर असणारच. कदम, तुम्ही शंका काढा, पण आठवणही काढा. बापू, डोळा दुखत असेल तर सूनबाईंना सांगा, त्या लिहितील. लवकर लिहा हो. तिकडे पोर रोज फोन करून विचारते, "आजोबा, कुणाचं आलं का?"