चुलीवर पेटवलेली बिडी

आधीच माफी मागतो. लिहिण्याइतकं मला कळतं असं नाही. आमच्याकडे कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि ही गोष्ट तर अर्धी दुसऱ्याचीच आहे. तिला विचारून लिहायला हवं होतं, पण ती कुठे आहे हेच मला कित्येक दिवस माहीत नव्हतं.

आई गेल्यावर सरकारी योजनेतून मला फुलचूरकडच्या एका घरी सांभाळायला ठेवलं. धानाची शेती असलेलं घर, काका-काकूंना मूल नव्हतं. माझ्या आधीपासून तिथे एक मुलगी होती, माझ्यासारखीच ठेवलेली, माझ्याहून थोडी मोठी. याआधी ती दोन घरं बदलून आली होती. बारावी होईपर्यंत तरी इथून हलवू नये, एवढंच तिला हवं होतं. ते ती सारखं बोलून दाखवायची. मला तेव्हा त्याचं काही विशेष वाटायचं नाही, कारण मला कोणी हलवेल अशी भीतीच कधी वाटली नव्हती.

काका ओसरीवरून आवाज द्यायचे, "बिडी पेटवून आन वो!" काडेपेटी त्यांच्याच खिशात असायची, पण चूल पेटलेली असताना काडी कशाला वाया घालवायची, असं त्यांचं म्हणणं. निखाऱ्याला नुसती टेकवून बिडी पेटत नाही, एक-दोन झुरके ओढावे लागतात. चुलीपाशी बहुतेक तीच असायची, म्हणून ते काम तिचं. ती शेतात गेलेली असली तर माझं. आम्हाला ठसका लागला की काका ओसरीवर बसून हसायचे. आम्ही बिडी कुठे शिकलो, असं पुढे सगळ्यांनी विचारलं. मला खरंच कळत नाही, त्यांना हे आठवत कसं नव्हतं.

पुढे मी शाळेमागे पोरांबरोबर ओढायला लागलो. ती गोठ्यामागे एकटी ओढायची. एकदा मी तिला म्हटलं, "तू काऊन पेते वो? पोरी पेतेत का?"

ती हसली. "तुले बिडीसंगं दोस्त भेटतेत. मले फक्त बिडी भेटते."

मग म्हणाली, "सांगू नोको बरं कोनाले." मी कोणाला सांगितलं नाही.

आमची विचारपूस करायला योजनेच्या ऑफिसातून एक मॅडम यायच्या. चांगल्या होत्या, येताना बिस्किटं आणायच्या. मला दरवेळी विचारायच्या, बिडी-खर्रा काही खातोस-पितोस का? मी नाही म्हणायचो आणि काका वर बघत बसायचे. तिला अभ्यासाचं विचारायच्या, तब्येतीचं विचारायच्या. बिडीचं कधीच नाही. विचारलं असतं तर ती काय बोलली असती, हे मी अजून मनात घोळवतो.

आधी मी पकडला गेलो. काकांनी कानाखाली एक ठेवून दिली आणि संध्याकाळी शेजाऱ्याला सांगितलं, "पोट्टा मोठा झाला गा आता!" दोघंही हसले. त्याच वर्षी मळणीच्या वेळी त्यांनी स्वतःच मला बिडी दिली.

नंतर ती बिडी ओढताना सापडली. तिला कोणी मारलं नाही. काका त्या रात्री जेवले नाहीत. काकू दारात बसून रडल्या. त्यांच्या हातात गुडाखूची डबी होती. तंबाखूचा तो काळा लगदा त्या रोज सकाळी दातांना घासायच्या आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नसे. "लोकाइले काय सांगू?" एवढंच त्या म्हणत होत्या.

ती म्हणाली, "काकाजी, सोडतो मी. बारावी होऊ द्या."

मॅडम आल्यावर काकांनी सांगितलं, पोरीची जात आहे, आमच्यानं नाही होणार. मी तिथेच उभा होतो. माझ्या शर्टाला त्या दिवशीसुद्धा बिडीचा वास येत असणार. तिला दुसऱ्या तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात नेलं. जाताना तिने काकूंना नमस्कार केला आणि मला म्हणाली, "येतो ए."

त्यानंतर काकांची बिडी मी पेटवू लागलो.

काका वाईट माणूस नव्हते. माझी कॉलेजची फी त्यांनीच भरली, हेही लिहायला हवं. म्हणूनच माझा गोंधळ होतो. वर्गात शिकवतात की धुराने फुप्फुस खराब होतं, मुलाचं काय आणि मुलीचं काय. ते मी वहीत उतरवून घेतो. पण मग तिलाच घर का सोडावं लागलं, हे वर्गात कसं विचारायचं ते मला सुचत नाही. मी बिडी सोडली आहे. सोडल्याबद्दल माझं कौतुकही झालं.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. आवाज जरा वेगळा होता.

"अगा, ते आली होती ना, आपली पोरगी. नागझिऱ्याच्या जंगलात गाईड झाली म्हणे. खाकी कपडे घालून आली!"

"बारावी झाली तिची?"

"झाली म्हणे तिकडंच. मंग चुलीपाशी जाऊन बसली, पयलेसारखी. अन् तुया काकाच्या तोंडातून सवयीनं निंगून गेलं, बिडी पेटवून आन वो. मंग यायनंच जीभ चावली."

"मग? दिली तिनं पेटवून?"

"देल्ली ना. ओसरीवर आली, यायच्या समोर उभी राहून एक झुरका मारला, अन् मंग देल्ली यायच्या हातात."

"काका काय म्हणाले?"

"सरकले बाजूले, अन् तिले बसाले जागा देल्ली."