सेक्रेटरीसाहेबांचं कुलूप

दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत निम्मी माणसं सरकारी नोकरीतली. सेक्रेटरी मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांना विजेतलंही सगळं कळतं असं ठरूनच गेलं होतं. लॉबीच्या काचेच्या दाराला आधी कार्डावर उघडणारं चुंबकाचं कुलूप होतं. लाइट गेली की ते सुटायचं, माणसं अडकू नयेत म्हणून. साहेबांना तो स्वतःचा अपमान वाटला. "लाइट गई तो दरवाज़ा खुल गया? ये कैसी सिक्युरिटी?" मी विचारलं, आग लागली तर? "मॅडम, आप टेन्शन मत लीजिए." डोंबलाचं टेन्शन.

मग वीज नसताना बंदच राहणारं कुलूप आलं. लाइट गेल्यावर ते उघडता यावं म्हणून सोबत बॅटरी आली. त्याच बॅटरीवर साहेबांनी लॉबीतला टीव्हीही जोडला. त्यावर दिवसभर कमिटीचे उद्घाटनाचे फोटो फिरायचे. हम करे सो कायदा, कोण बोलणार?

नोव्हेंबरातल्या एका दुपारी लाइट गेली. प्रदूषणामुळे जनरेटरवर बंदी. सासऱ्यांना दमा आहे. त्यांचं वाफेचं मशीन बंद पडलं आणि धाप थांबेना. कॅब बोलावली, त्यांना धरून जिन्याने खाली आणलं. दार ढिम्म हलेना. फोटो दाखवून दाखवून बॅटरी केव्हाच संपली होती. काचेपलीकडे खुद्द साहेब, कुलपाच्या मेलेल्या मशीनवर पुन्हा पुन्हा कार्ड टेकवत. "दो मिनट, लाइट आ जाएगी." इकडे बाबांचे ओठ निळे पडत होते. माझं डोकंच फिरलं. भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर काढला आणि घातला काचेवर. तर म्हणे, "मॅडम, नया दरवाज़ा है."

बाबा वाचले. ते हॉस्पिटलमधून घरी आले, त्याच आठवड्यात मीटिंग झाली. साहेबांचा ठराव: काच नवी, कुलूप तेच. मी नको म्हणून उभी राहिले. बाकी सगळ्यांचे हात वर. माझ्या शेजारचाही, माझ्या नवऱ्याचा.

"रिटायर झाले तरी ऑफिसातले माझे सर आहेत गं," जिन्यात तो कुजबुजला. मला त्याची शिसारी आली.

घरी बाबा जागेच होते. "काय ठरलं गं दाराचं?"

"तुमच्या मुलाला विचारा," मी म्हटलं.

तो बुटाची नाडी सोडत बसला.