स्टुलाचा आवाज

“माफ कर वं माय,” असं म्हटल्याशिवाय बाईंनी एकही मादी खलात टाकली नाही. टसर रेशमाची अंडी तयार करणाऱ्या नागपूरच्या आमच्या केंद्रात त्यांचं कामच ते होतं. पतंगाच्या मादीनं अंडी घातली की तिला कुटायचं, थेंबभर रस काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेब्रीनचे जंतू शोधायचे. आईचा हा रोग अंड्यांतून पिल्लांत उतरतो. जंतू दिसले की तिची सगळी अंडी जाळायची.

मी नवा होतो, बाईंच्या माफी मागण्याला हसायचो. “हास तू,” त्या म्हणायच्या. “तिनं एवढे अंडे देल्ले, अन् आपण तिले कुटून राहिलो.”

वहीत सही त्यांचीच. पण प्रत्येक काच त्या मला दाखवत. “माह्या डोळ्यानं झालं, आता तुह्या डोळ्यानं पाह्य.” लोकांना वाटे, बाई संशयी. त्यांना मोतीबिंदू होत होता, हे फक्त मला ठाऊक होतं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या, म्हणून मीही गप्प होतो.

एका दुपारी मित्र सीताबर्डीला माझी वाट पाहत थांबले होते. शेवटच्या काचा मी पाहिल्याच नाहीत. “साफ हाय, बाई,” म्हणालो आणि निघालो.

ती अंडी रामटेकजवळच्या एका घरी गेली. काही दिवसांनी तिथं अळ्या पाळणारीचा फोन आला. अळ्यांनी पाला सोडला होता, अंगावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके होते. आम्ही पोचलो तेव्हा ती ऐनाच्या झाडांखालून मेलेल्या अळ्या झाडून काढत होती. तिच्या हाती एकही कोष लागणार नव्हता.

केंद्राच्या साहेबांनी विचारलं, या काचा कोणी तपासल्या. मी तोंड उघडायच्या आतच बाई म्हणाल्या, “माह्या डोळ्यानं धोका देल्ला, साहेब.” त्या रोजंदारीवर होत्या, दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर घेतलं नाही. आणि मी, लाज वाटते सांगायला, गप्पच राहिलो.

दोन वर्षांनी धीर करून त्यांच्या घरी गेलो. “बाई, म्या त्या दिवशी पाह्यलंच नव्हतं.”

“मले मालूम हाय गा. पाहाले बसतानी तू स्टूल ओढते. त्या दिवशी आवाजच नाही आला.”

“मंग मले थांबवलं काहून नाही?”

“तू लय खुशीत होता. म्हटलं, एका दिवसानं काय होते.” मग उठून त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. “त्या रामटेकवालीले मी अजून तोंड नाही दाखवलं,” एवढंच म्हणाल्या.

बाई यंदा वारल्या. त्यांचं काम आता माझ्याकडे आहे. प्रत्येक काच मी दोनदा पाहतो. दुसऱ्यांदा पाहताना उठतो, स्टूल मागे सारतो आणि फरशीवर मुद्दाम आवाज करत पुन्हा पुढे ओढतो.