पाणबुडीतला आमचा पार्ट

कारखान्यातलं भंगार दर महिन्याला भंगारवाला उचलून नेतो. किस्से मात्र कोणी उचलत नाही. ते साठतच जातात. मी भोसरीच्या एका लहानशा व्हॉल्व्हच्या कारखान्यात तीस वर्षं डिस्पॅचचा कारकून होतो. निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ कधीच बंद पडलं, किस्से चालू आहेत.

*

एका सकाळी मालकांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावून जाहीर केलं, आता आपण पाणबुडीचा पार्ट बनवणार! टाळ्या झाल्या, पेढे फिरले. आमचा फिटर ज्ञानोबा चाकणजवळच्या गावचा. त्याने पेढा तोंडात असतानाच घरी फोन लावला. मग कोणीतरी विचारलं, कुठला पार्ट? मालक चष्मा पुसत म्हणाले, "संडासाचा व्हॉल्व्ह."

गावात जो विचारेल त्याला ज्ञानोबा सांगू लागला, "गुपित हाय." महिन्याभरात गावाने ठरवून टाकलं की तो मिसाईल बनवतो.

*

वाचनाचं व्यसन माझं, शिक्षा बाकीच्यांना. पाणबुड्यांबद्दल जे वाचेन ते मी जेवणाच्या सुट्टीत वाढत असे. सुरुवातीची पाणबुडी म्हणजे तेल चोपडलेलं चामडं ताणलेली होडी; आतली माणसं चक्क वल्ही मारायची. पुढे पेट्रोलचं इंजिन आलं, तेव्हा आत पांढरे उंदीर ठेवत. विषारी वायू साठला की आधी उंदीर ओरडायचे, मग माणसं सावध व्हायची.

ज्ञानोबा म्हणाला, "आपल्याकडं सुपरवायझर हाय की. मालक यायच्या आधी त्यो चिरकतो."

सुपरवायझर शेजारीच जेवत होते.

*

एकदा महायुद्धातल्या एका जर्मन पाणबुडीची गोष्ट सांगितली. संडासाचे व्हॉल्व्ह चुकीच्या क्रमाने उघडले, समुद्र आत घुसला, बोट शत्रूसमोर वर आणावी लागली आणि कायमची गेली.

ज्ञानोबाने भाकरी खाली ठेवली. "म्हंजे आख्खी बोट ह्याच्यावर हाय व्हय?"

त्या दिवसापासून तो आपल्या व्हॉल्व्हला कोणाला हात लावू देईना.

*

अपवाद मालकांचा. ते देवभोळे. चाचणीआधी व्हॉल्व्हची साग्रसंगीत पूजा झाली. हळद, कुंकू, अक्षता, नारळ. मग तपासायला आलेल्या नौदलाच्या साहेबांनी पंप लावला. खोल समुद्राइतका दाब, तासभर, आणि थेंबही गळता कामा नये. पंचावन्नाव्या मिनिटाला एक थेंब पडला.

मालक अजिजीने म्हणाले, "साहेब, एकच थेंब आहे हो."

"समुद्राला तेवढंच दार लागतं," साहेब म्हणाले आणि वही मिटली.

मालकांना वाटलं, पूजा कमी पडली. दुसऱ्या वेळी भटजी आणले. तीन थेंब पडले.

*

आता एकच संधी उरली होती. नाहीतर काम दुसऱ्या कारखान्यात आणि ज्ञानोबा पुन्हा दुधाच्या टँकरच्या तोट्यांवर. दोन्ही नापास व्हॉल्व्ह त्याने उघडले आणि मालकांच्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली. आत कुंकवाने लाल झालेले तांदळाचे कण. झाकण जिथे घट्ट बसतं, नेमके तिथे अडकलेले.

मालकांनी पुडी कपाळाला लावली. मग म्हणाले, "पूजेशिवाय चाचणी? माझ्याच्याने नाही होणार."

"मग सायबांची करा," ज्ञानोबा म्हणाला.

आणि केली! साहेबांच्या कपाळावर टिळा, गळ्यात हार. ते बिचारे तसेच व्हॉल्व्हखाली पांढरा रुमाल धरून तासभर उकिडवे बसले. तास संपला तेव्हा रुमाल कोरडा, साहेब घामाने ओले. कपाळावरचं कुंकू नाकावर आलेलं असताना त्यांनी पासचा शिक्का मारला.

*

गावाने ज्ञानोबाचा सत्कार ठेवला. मीही गेलो होतो. स्टेजवर टेबल, टेबलावर मखमलीवर ठेवलेला नमुन्याचा व्हॉल्व्ह. सरपंच दहा मिनिटं मिसाईलवर बोलले. मग ज्ञानोबाने माईक घेतला.

"मिसाईल न्हाई. संडासाचा व्हॉल्व्ह हाय."

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

ज्ञानोबा शांतपणे म्हणाला, "मिसाईल न्हाई उडालं तरी बोट वर येती. ह्यो न्हाई मिटला तर येत न्हाई."

पहिली टाळी फिसकन हसणाऱ्यानेच वाजवली. मग सगळा मांडव वाजवत राहिला. सरपंचांना काय करावं सुचेना. त्यांनी आरतीचं ताट उचललं, चिमूटभर कुंकू घेतलं आणि व्हॉल्व्हकडे हात नेला.

ज्ञानोबाने पंजाने व्हॉल्व्ह झाकला आणि कपाळ पुढे केलं.

"मला लावा. त्याला नगं."